बाण डावीकडे जातोय

गार्थ दुकानात शिरला तेव्हा डार्ला एका गिऱ्हाइकाच्या धनुष्याच्या दोरीला मेण लावत होती. दारावरची घंटा वाजली, गार वाऱ्याचा झोत आत आला आणि शेगडीपाशी बसलेला ओइवाकाका बोलता बोलता थांबला. ओइवाकाका गप्प झाला म्हणजे काहीतरी मोठं घडलंय, हे डार्लाला वर न बघताही कळलं. तरी तिने दोरीचं उरलेलं टोक पुरं केलं, चिमटीत धरून खसाखसा चोळलं, मेण आत मुरवलं आणि मगच मान वर केली.

दारात तिचा नवरा उभा होता. हातात धनुष्याची पेटी, खांद्यावर बर्फ आणि दाढी गायब.

"अरेच्चा," ओइवाकाका म्हणाला, "हा सोललेला बटाटा कुठून आला?"

गार्थने पाय आपटून बुटांवरचा बर्फ झाडला. "बरे आहात ना, काका?"

"मला काय धाड भरलीय? तू तुझं बघ. भर डिसेंबरात गालावरचं गवत कापून आलास. मेंढीसुद्धा करू देत नाही असं. ये, जावईबापू, बस. आम्ही काही अजून तुला परका केलेला नाही. कागदोपत्री तरी नाही."

ओइवाकाका डार्लाच्या बापाचा धाकटा भाऊ. ऐंशीला टेकला होता, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. रोज सकाळी कॉफी प्यायच्या निमित्ताने तो पुतण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात यायचा आणि दुपारपर्यंत हलायचा नाही. दुकान डार्लाचा भाऊ वेस चालवायचा. पुढे खिळे, रंगाचे डबे, बर्फ ओढायची फावडी. मागच्या बाजूला डार्लाचं टेबल, धनुष्य दाबून धरायचं यंत्र आणि त्यापलीकडे लांबलचक पत्र्याची शेड, बाण मारून बघायला. बापाने शिकवलेलं काम. सरोवराच्या या काठाला धनुष्य नीट जुळवून देणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यामुळे गार्थ इथे आला यात खरं तर नवल काही नव्हतं. नवल एवढंच, की सप्टेंबरात घर सोडून गेल्यापासून त्याने या रस्त्यावर गाडीसुद्धा घातली नव्हती.

तो गेला होता जॉनेलकडे. तालुक्याच्या गावी दातांच्या दवाखान्यात ती दात साफ करायची. हेम्लॉक फॉल्स हे एवढंसं गाव, बातमी पसरायला दुपार पुरली. पुढचे आठ-पंधरा दिवस माणसं दुकानात येऊन एखादा स्क्रू, एखादा वॉशर विकत घेत आणि मागच्या टेबलाकडे बघून घेत. डार्लाच्या चेहऱ्यावर बघण्यासारखं काही नसे. मग माणसं स्क्रू खिशात टाकून निघून जात. डार्लाही वाट बघत होती. आज रडू येईल, उद्या येईल. काहीच आलं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल कसा जागेवर असतो, पण आपला नसतो, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. सकाळी उठायचं, अंगणातला बर्फ ओढायचा, दुकानात यायचं, धनुष्यं जुळवायची.

वेस पुढून आत डोकावला. 'हाकलू का?' असं त्याने नुसत्या भुवयांनी विचारलं. डार्लाने नकारार्थी मान हलवली.

"बोल," ती गार्थला म्हणाली.

"बाण डावीकडे जातोय."

"किती?"

"वीस पावलांवर चार बोटं. तीसवर वीतभर." त्याने पेटी टेबलावर ठेवली, पण उघडली नाही. "थंडीने दोरी ताणली असणार."

"दोरी ताणली तर बाण खाली जाईल. डावीकडे कशाला जाईल?"

गार्थ टोपी काढून हातात फिरवत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, "शनिवारी एक नर आला होता. चांगला मोठा. उजवीकडे तोंड करून उभा होता."

एवढंच ऐकून डार्लाला पुढचं समजलं. उजवीकडे तोंड केलेल्या हरणाला बाण वीतभर डावीकडे गेला तर फुप्फुस राहतं बाजूला आणि पोट फाटतं.

"संध्याकाळपर्यंत मागावर होतो. मग बर्फ पडायला लागला, रक्त दिसेना. रविवारी परत गेलो. कावळ्यांवरून सापडला. दलदलीपर्यंत गेला होता गं. कोल्हे आधीच..." तो थांबला.

ओइवाकाकाने कॉफीचा घोट घेतला.

"उघड," डार्ला म्हणाली.

त्याने पेटी उघडली. हे धनुष्य तिनेच त्याला निवडून दिलं होतं, त्याच्या हाताच्या मापाला तिनेच बसवलं होतं. तिने ते उचलून दिव्याखाली धरलं. दोरीच्या मेणात बारीक पांढरे केस चिकटले होते. तिने चिमट्याने एक ओढून काढला.

"मांजर आहे?"

"हं."

"तुला शिंका येतात ना मांजराने?"

"गोळी घेतो."

तिने केस टेबलाच्या कडेला पुसला आणि दुसरा काढायला घेतला. "घरात ठेवतोस हे?"

"बैठकीत. तिकडे ओसरी नाही. दुसऱ्या मजल्यावर जागा आहे तिची."

डार्लाच्या घरी धनुष्यं ओसरीत टांगलेली असत. ओसरीला शेगडी नव्हती, बाहेर जेवढी थंडी तेवढीच आत. ऑक्टोबरात एकदा खुंटीला लागलेलं धनुष्य हंगाम संपेपर्यंत घराच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. हा नियम गार्थला ठाऊक नव्हता असं नाही. त्याला वाटलं असेल, एवढ्यातेवढ्याने काय होतंय.

"ऊबेतून एकदम थंडीत नेलं की घाम सुटतो याला," ती म्हणाली. "मग तो घाम गोठतो. ही बघ बाणाची बैठक. खालची लोकर कडक झालीय. बाण सरकताना घासतो. आणि टोकाच्या या चाकाला, दोरी फिरते तिथे, तेल कोणी लावलं?"

"मीच. चरचर वाजत होतं."

"हिवाळ्यात तेल?"

"विसरलो."

"चिकट गोळा झालाय त्याचा. कोरडी पूड लावायची असते, काळी. तुला मी ती डबी..." ती डबी अजून घरी ओसरीतच होती. तिने वाक्य सोडून दिलं आणि फडकं घेतलं.

अर्धा तास ती काम करत राहिली. चाकं पुसून कोरडी केली, पूड लावली, बैठकीची लोकर बदलली, दोरी केसांपासून साफ करून नवं मेण दिलं. नेम धरायच्या रंगीत काड्यांवरचे पाण्याचे वाळलेले डाग पुसले. यंत्रात धरून दोन्ही चाकं बरोबर वळतात का ते पाहिलं. वळत होती. गार्थ बाजूला उभा होता. पूर्वी अशा वेळी तो तिला कामावरच्या भानगडी सांगायचा, लाकडाच्या गिरणीत कोण कोणाशी भांडलं ते. आज तो फावड्यांच्या किमती वाचत होता.

मग ती त्याला शेडमध्ये घेऊन गेली. चौकटीवर कागद ताणून लावला. कागदातून बाण गेला की भोक कसं पडलं यावरून तो सरळ गेला की वाकडा ते कळतं. गार्थने कोट काढून बाण मारला. डार्लाने कागद पाहिला. भोकाला उजवीकडे छोटीशी चीर होती.

"आता कोट घाल. टोपी, हातमोजे, सगळं घाल. जंगलात जातोस तसा उभा राहा."

त्याने कोट घातला. मग थोडा घुटमळला आणि खिशातून एक जाड विणलेला गळपट्टा काढून डोक्यातून घातला, नाकापर्यंत वर ओढला. मोहरीसारखा पिवळा रंग. हाताने विणलेला, टाके थोडे सैल.

ओइवाकाका कपासकट दारात येऊन उभा राहिला होता. "हे बघा," तो म्हणाला, "बटाट्याला मोजा घातला."

"काका, जरा गप्प बसा," डार्ला म्हणाली.

गार्थने दोरी ओढली आणि सोडली. या खेपेला कागद बोटभर फाटला.

डार्ला त्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. "परत ओढ. सोडू नकोस."

त्याने ओढली. तिला दिसलं. दोरी लोकरीत रुतत होती आणि लोकर तिला बाहेर ढकलत होती. आणि हात भलतीकडेच होता. वीस वर्षं गार्थ अंगठा दाढीत खुपसायचा, जबड्याच्या हाडाला लागेपर्यंत. तीच त्याची जागा. डोळे मिटूनही हात तिथेच जायचा. आता दाढी नव्हती आणि अंगठ्याला ठाव लागत नव्हता. कधी गालावर, कधी कानाखाली.

"उतरव, सावकाश. थंडीचं काही नाही यात," ती म्हणाली. "दाढीचं आहे. आणि या गळपट्ट्याचं."

गार्थने गळपट्टा खाली ओढला. त्याचे गाल लाल झाले होते, थंडीने की कशाने कोण जाणे.

"हा काढून ठेव. आता ओढ."

तिने त्याचा जबडा एका हातात धरला, दुसऱ्या हाताने त्याचा अंगठा हाडाच्या मागे नेऊन बसवला. सप्टेंबरानंतर पहिल्यांदाच ती त्याला हात लावत होती. आपल्याला काहीतरी होईल असं तिला वाटलं होतं. काही झालं नाही. कातडी गुळगुळीत होती, कसल्यातरी साबणाचा वास येत होता. कोणाही गिऱ्हाइकाचा जबडा असता तसा जबडा. फक्त हनुवटीच्या खाली एक पांढरी खूण होती, नखाएवढी. ती तिने कधी पाहिली नव्हती.

"ही कसली?"

दोरी ओढलेली असल्यामुळे गार्थ दात आवळूनच बोलला. "सायकलवरून पडलो होतो. लहानपणी."

"बोलला नाहीस कधी."

"दाढी होती ना."

"हं. मार."

भोक लहान झालं. मग तिने दोरीत विणलेली ती बारीक कडी, जिच्यातून एका डोळ्याने बघायचं असतं, तांदळाच्या दाण्याएवढी खाली सरकवली, दोरा गुंडाळून पक्की केली. कोटाच्या बाहीवर चामड्याची पट्टी करकचून बांधली, म्हणजे दोरी सुटताना बाही आडवी येणार नाही. चौथ्या-पाचव्या बाणाला कागदात एक गोल भोक आणि त्याला पिसांच्या तीन रेघा, बास. पुढचेही तसेच पडले.

"धनुष्य ट्रकच्या मागच्या भागात ठेव, वर झाकण आहे तिथे," ती म्हणाली. "हीटरपाशी नको. आणि जंगलात गेल्यावर आधी एक बाण बर्फाच्या ढिगात मारून बघत जा. अंग गार पडलं की ओढवत नाही तेवढं, म्हणून जोर दोन खुणा कमी केलाय."

"डार्ला, मी तुला..."

"बाण कोरडे ठेव," ती म्हणाली आणि कागद काढायला वळली.

तो गेल्यावर ओइवाकाका बराच वेळ शेगडीत लाकडं सारत बसला. मग म्हणाला, "मी असतो ना, तर कडी अशी बसवली असती की पठ्ठ्याचा बाण फिरून त्याच्याच ट्रकात घुसला असता."

"आणि मधल्यामध्ये मरणाऱ्या हरणाने काय केलं होतं काका?"

काकाने शेगडीत आणखी एक लाकूड सारलं.

पुढच्या आठवड्यात जॉनेल आली.

डार्लाने तिला आधी दुरून एक-दोनदा पाहिलं होतं. ठेंगणी, गुबगुबीत, पन्नाशीच्या आसपासची बाई. डोक्यावर त्याच मोहरीच्या रंगाची टोपी. वेस रंगाच्या डब्यांमागे असा काही लपला की जणू तोच तिचा देणेकरी. नेमका ओइवाकाका त्या दिवशी डॉक्टरकडे गेला होता, आणि ही संधी हुकली म्हणून नंतर कितीतरी दिवस तो चुटपुटत होता.

"मी जॉनेल."

"माहीत आहे."

"हो, असणारच." तिने हातमोजे काढले, परत घातले. "मी जास्त वेळ घेत नाही तुमचा. तो गळपट्टा घालायचा नाही असं तुम्ही सांगितलंत ना त्याला? मला तो बोलला नाही. मला वाईट वाटेल म्हणून घरातून घालून निघतो आणि ट्रकमध्ये काढून ठेवतो. आणि परत येताना घालून येतो. पण गाल बघितला मी. पांढरा डाग पडलाय हिमाने. मी कशी ओळखणार नाही हो? दिवसभर माणसांची तोंडंच तर बघते मी."

"दाढी वाढवू दे त्याला."

"मी कुठे काढ म्हटलं होतं!" जॉनेल एकदम म्हणाली. "एक दिवस आपणच भादरून आला. मला तर उलट..." ती ओशाळून थांबली.

डार्लाने हे ऐकून घेतलं. इतके दिवस ती धरून चालली होती की ही त्या बाईची आवड. तसं नव्हतं तर. पन्नाशी उलटलेल्या माणसाने आपल्या आपण आरशापुढे उभं राहून ती दाढी उतरवली होती. याचा तिला राग यायला हवा होता, किंवा कीव तरी. तिने खालचा खण उघडला आणि रेशमाची पातळ नळीसारखी पट्टी काढली.

"ही घालू दे. अंगाला चिकटून बसते, दोरी अडकत नाही. वरून तोंडाला थोडी चरबी लावायला सांगा."

जॉनेलने पट्टी हातात घेतली, ताणून बघितली. पण गेली नाही.

"शनिवारी मादी मिळाली त्याला. जागच्या जागी पडली म्हणाला, कळलंसुद्धा नाही तिला. आनंदात असेल असं वाटलं मला. आणि घरी आल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडत बसला. कितीतरी वेळ. मी दाराबाहेर उभी. आत जावं की नको, कळेना." तिने वर पाहिलं. "तुम्ही काय करायचात?"

दुकानात वेसच्या रेडिओवर हवामानाचा अंदाज चालू होता. डार्लाने मेणाची कांडी उचलून परत जागेवर ठेवली. गार्थ दर शिकारीनंतर रडतो हे जगात तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. गिरणीतल्या त्याच्या दोस्तांना नाही, त्याच्या सख्ख्या भावालाही नाही.

"काही करायचं नाही," ती म्हणाली. "नळ सोडून ठेवतो तो. आपण ऐकलंच नाही असं करायचं. कॉफी ठेवायची. बाहेर आला की स्वतःच सुऱ्यांना धार लावायला बसतो. तेव्हा बोलायचं, आधी नाही."

"कॉफी," जॉनेल म्हणाली, पाठ करत असल्यासारखी. "बरं." मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने टेबलावरचा डार्लाचा हात क्षणभर दाबला आणि भराभरा निघून गेली. डार्लाने हाताकडे पाहिलं. मेणाने चिकट झालेला होता. जॉनेलच्या हातमोज्याला मेण लागलं असणार, आणि ते सहजी निघत नाही.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी ओइवाकाका तिला ओढून जंगलात घेऊन गेला. "वर्षभर लोकांची धनुष्यं जुळवतेस आणि तुझं खुंटीला लटकतंय. चल. मी ट्रकमध्ये बसतो, माझे गुडघे काही ऐकत नाहीत आता."

बर्फ संथ पडत होता, मोठमोठ्या पाकळ्यांचा. डार्ला देवदारांच्या रांगेत, बापाने बांधलेल्या मचाणावर जाऊन बसली. धनुष्य मांडीवर आडवं, वरच्या चाकावर कापड टाकलेलं. मधूनमधून ती काड्यांवरचा बर्फ फुंकर न मारता बोटाने झटकायची, फुंकर मारली तर श्वास गोठून बसतो. बैठकीवरचा झटकायची. दोरी दोन बोटांनी हळूच हलवून तिच्यावर साठलेला पाडायची. बोटं बधिर झाली होती, पण ती आपलं काम करत होती.

दुपार कलताना एक मादी आली. दलदलीच्या बाजूने, चार पावलं टाकत, थांबत. डार्ला उभी राहिली, ओढली. सगळं जागच्या जागी होतं, अंगठा हाडाला, कडीत काडी, काडीवर खांद्यामागची ती जागा. मादीने एक पाऊल टाकलं आणि तिच्या आणि बाणाच्या मध्ये देवदाराची फांदी आली. बर्फाने ओथंबलेली. डार्ला थांबली. दंड थरथरायला लागले तरी थांबली. फांदीमागून मादी तशीच निघून गेली, आणि डार्लाने दोरी हळूहळू परत नेली.

ट्रकपाशी आली तेव्हा उजेड अजून होता. तिने धनुष्य मागे ताडपत्रीखाली ठेवलं आणि आत येऊन बसली.

"काय?" ओइवाकाका म्हणाला.

"आली होती. फांदी आडवी आली."

"बरं केलंस." त्याने कागदात गुंडाळलेली पास्टी तिच्या हातात दिली. खिमा आणि बटाटे भरलेली, हीटरवर ठेवून गरम केलेली. डार्लाने घास घेतला. मग दुसरा. सप्टेंबरापासून ती घड्याळ बघून जेवत होती, वेळ झाली म्हणून ताट घ्यायचं. आता तिने ती पास्टी कशी संपवली तिलाच कळलं नाही. डॅशबोर्डवर दुसरी होती, तिचाही कागद तिने सोडायला घेतला.

"अगं ए, ती माझी होती!"

"तुमचे गुडघे ऐकत नाहीत, तुम्हाला कशाला पाहिजे?"

ओइवाकाका तिच्याकडे बघत राहिला. काचेवर बर्फ साठत होता. डार्ला तोंडात घास असतानाच म्हणाली, "त्याने मला सांगितलं ना काका, तेव्हा मी कांदा चिरत होते. तो म्हणाला, मी जातोय, जॉनेलकडे. मी चिरतच राहिले. सगळा चिरला."

म्हातारा म्हणाला, "त्या कांद्याचं काय केलंस?"

"सूप. दोघं जेवलो."

"तोही प्यायला?"

"परत वाढून घेतलं."

ओइवाकाकाला आधी खोकला आला, मग हसू. तो हसता हसता स्टिअरिंगवर वाकला. डार्लाच्या ओठांचीही काहीतरी हालचाल झाली. हसू म्हणावं असं ते नव्हतं, पण तिला ते जाणवलं, ओठाच्या एका कोपऱ्यात. तिने कागदावरचे तुकडे बोटाने गोळा करून खाल्ले.

त्याने गाडी चालू केली. रस्त्यावर बर्फ काढणारं यंत्र अजून आलं नव्हतं, म्हणून तो चाकांच्या जुन्या खुणांवरूनच सावकाश निघाला.

"काका," डार्ला म्हणाली, "अजून काही आहे का खायला?"

"पुढचा खण बघ. बिस्किटं असतील. शिळी असणार बरं का."

"चालतील," ती म्हणाली आणि खण उघडला.